घरच्या लहान मिलिंग मशीनला साधने कशी बसवावीत?

मुलांनो, इथल्या माध्यमिक शाळेत सुरुवातीच्या वर्षांत डिझाइन अँड टेक्नॉलॉजी हा विषय असतो. त्या वर्कशॉपमध्ये तुम्ही उभे ड्रिलिंग मशीन आणि व्हाइस नक्की पाहिला असेल. आज त्या ड्रिलिंग मशीनच्या थोरल्या भावाची, म्हणजे मिलिंग मशीनची ओळख करून घेऊ. त्याला वेगवेगळी साधने कशी बसवतात, आणि ती बसत नसतील तर काय करावे, हेही पाहू. मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर असलो तरी पदवी मेकॅनिकलची आहे, आणि शनिवार-रविवारी हात काळे करण्याची हौस अजून गेलेली नाही. आई-बाबांपैकी कुणाला अशी हौस असेल तर त्यांनीही हा लेख वाचावा.

१. मशीन कसे असते?

लेथवर काम फिरते आणि हत्यार स्थिर असते. मिलिंग मशीनवर याच्या उलट असते. दाते असलेले हत्यार, म्हणजे कटर, गरगर फिरते. काम टेबलावर पक्के बांधलेले असते आणि ते टेबल हँडल फिरवून हळूहळू सरकवतात. ड्रिलिंग मशीन फक्त वरून खाली भोक पाडते. मिलिंग मशीन डावी-उजवीकडे, पुढे-मागे आणि वर-खाली अशा तिन्ही दिशांनी धातू कापू शकते.

कारखान्यातले मिलिंग मशीन टनाच्या मापात असते. घरी ठेवण्याजोगी लहान मशीन मात्र सुमारे पन्नास किलोची असतात. शांघायच्या सीग या कंपनीचे एक्स २ हे त्यातले जगभर माहीत असलेले नमुनेदार मशीन. निरनिराळ्या देशांत ते निरनिराळ्या रंगांत आणि नावांनी विकले गेले. त्याचे टेबल साधारण ३९० मिलिमीटर लांब आणि ९२ मिलिमीटर रुंद, म्हणजे तुमच्या वहीपेक्षाही अरुंद असते.

या मशीनला दोन 'तोंडे' आहेत. वरचे तोंड म्हणजे स्पिंडल. त्यात कटर किंवा कटर धरणारे साधन बसते. खालचे तोंड म्हणजे टेबलावरच्या खाचा. त्यांचा छेद उलट्या इंग्रजी टी या अक्षरासारखा असतो, म्हणून त्यांना टी-स्लॉट म्हणतात. त्यांत व्हाइस, पकडपट्ट्या किंवा गोल फिरणारे टेबल बांधतात. बाकी सगळा पसारा या दोन तोंडांपाशी येऊन जुळतो, किंवा जुळत नाही.

२. 'बसत नाही' ही तक्रार येते कुठून?

मशीन एका देशात बनते, व्हाइस दुसऱ्या देशात, आणि कटरचा संच तिसऱ्याच देशाच्या मापाने केलेला असतो. पूर्वी जुने साधन बाजारात हातात घेऊन, उलटून-पालटून, माप लावून घेता येत असे. सिंगापुरातला सुंगेई रोडचा जुन्या वस्तूंचा बाजार १० जुलै २०१७ रोजी बंद झाला. आता बहुतेक साधने चित्र पाहून मागवली जातात आणि खोक्यातून घरी येतात. खोके उघडल्यावरच कळते की बोल्ट जाड आहे, नाही तर खाच अरुंद आहे.

मापांचा हा घोळ जुनाच आहे. भारताने वजन-मापांचा दशमान कायदा १९५६ मध्ये केला. सिंगापूरने मेट्रिक मापांचा कायदा १९७० मध्ये केला. एक इंच म्हणजे नेमके २५.४ मिलिमीटर, हे इंग्रजी भाषक देशांनी १९५९ मध्ये आपसात ठरवले. कायदे झाले, पण जुनी मशीन काही मोडीत निघाली नाहीत आणि कारागिरांची जीभही बदलली नाही. महाराष्ट्रातल्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये आजही 'चार सुती सळई' म्हटले की अर्धा इंच जाडीची सळई मिळते. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिलिमीटर. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर हत्यारांच्या दुकानांची रांगच आहे. तिथे तुम्ही 'तीन सूत' म्हणा किंवा 'दहा एम. एम.' म्हणा, दुकानदाराला दोन्ही समजते. फरक समजून मागणे हे मात्र गिऱ्हाइकाचे काम.

३. पहिला नियम

साधन बसत नसेल तर काहीतरी बदलावे लागते. प्रश्न एवढाच की काय बदलायचे?

पाहुणा उंच आहे म्हणून आपण घराची चौकट तोडत नाही. पाहुणा वाकून आत येतो. इथे मशीन हे घर आणि साधन हा पाहुणा. स्पिंडलचे भोक आणि टेबलाच्या खाचा हे घराचे खांब आहेत. ते कारखान्यात एकमेकांशी गुण्यात, म्हणजे काटकोनात, घासून तयार केलेले असतात. घरच्या हत्यारांनी त्यांना हात लावला की ती अचूकता गेली, आणि ती परत आणता येत नाही. म्हणून नियम असा:

बदल नेहमी स्वस्त आणि पुन्हा करता येईल अशा भागात करावा. तो भाग बिघडला तर दुसरा करता आला पाहिजे.

उतरत्या पसंतीने सांगायचे तर आधी नट, बोल्ट किंवा वॉशर बदलून पाहावा. तेवढ्याने भागले नाही तर मशीन आणि साधन यांच्या मध्ये एक जोडतुकडा करावा. तेही जमले नाही तर साधन थोडे कापावे किंवा कानशीने घासावे. मशीनच्या मूळ मापांना हात लावू नये. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यातही हेच चालते. दोन जुन्या प्रोग्रॅमना एकमेकांचे बोलणे समजत नसेल, तर मध्ये एक छोटा दुभाषी लिहितात. चालत्या प्रोग्रॅमचे पोट फाडत नाहीत.

४. वरचे तोंड: स्पिंडल

लहान मशीनच्या स्पिंडलमध्ये बहुधा मोर्स टेपर असतो. टेपर म्हणजे निमुळते भोक. अमेरिकेतील स्टीफन मोर्स यांनी १८६० च्या दशकात ही पद्धत आणली, आणि दीडशे वर्षांहून अधिक काळ ती टिकून आहे. निमुळती दांडी निमुळत्या भोकात जरा दाबून बसवली की घर्षणानेच घट्ट धरली जाते. एकात एक घातलेले स्टीलचे पेले कधीकधी कसे अडकून बसतात, तसेच.

मोर्स टेपरला क्रमांक असतात. दोन नंबरचा मोठ्या टोकाशी व्यास १७.७८० मिलिमीटर, तीन नंबरचा २३.८२५ मिलिमीटर. आता गंमत पाहा. दोन नंबरचा उतार २०.०२० ला १, आणि तीन नंबरचा १९.९२२ ला १ असा आहे. जवळजवळ सारखा, पण तोच नाही. 'टेपर तर टेपर, त्यात काय' असे म्हणून चालत नाही ते यामुळेच. काही मशीनमध्ये मोर्सऐवजी आर ८ नावाचा टेपर असतो. तो अमेरिकेच्या ब्रिजपोर्ट मशीनबरोबर आला. ते मशीन १९३८ मधले. मोर्स आणि आर ८ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. मशीनमध्ये कोणता आहे ते आधी पाहावे, मगच पैसे खर्च करावेत.

दांडी भोकात खरोखर बसली का, हे कसे ओळखावे? दांडीवर लांबीच्या दिशेने निळ्या मार्किंग रंगाच्या तीन बारीक रेघा ओढा. दांडी भोकात हलकेच घाला, थोडी फिरवा आणि बाहेर काढा. रेघा सगळ्या लांबीवर पुसल्या गेल्या तर बैठक उत्तम. एकाच टोकाला पुसल्या तर दांडी आणि भोक फक्त तिथेच भेटतात, आणि बाकीची दांडी आत डुलते. मात्र हे करण्याआधी दोन्ही पृष्ठे कापडाने स्वच्छ पुसावीत. केसाएवढा धातूचा कीसही दांडी वाकडी बसवायला पुरतो.

पुष्कळ जण विचारतात, 'मशीन तीन नंबरचे आणि साधन दोन नंबरचे. मध्ये स्लीव्ह घातली तर?' स्लीव्ह म्हणजे बाहेरून तीन नंबर आणि आतून दोन नंबर असलेली निमुळती नळी. भोक पाडण्यासाठी ती चालते, कारण ड्रिलचा जोर सरळ वर, म्हणजे टेपर घट्ट करणाऱ्या दिशेला असतो. मिलिंग करताना कटरला बाजूने धक्के बसतात. धक्के आणि थरथर यांनी नुसत्या घर्षणावर धरलेला टेपर सुटतो. म्हणून मिलिंगच्या साधनाला वरून एक लांब बोल्ट, म्हणजे ड्रॉबार, ओढून धरत असतो. साध्या स्लीव्हच्या मागच्या टोकाला ड्रिलच्या चपट्या शेपटीसाठी जागा असते, बोल्टसाठी आरपार वाट नसते. तेव्हा अशी स्लीव्ह मिलिंगला वापरू नये. दोन्ही बाजूंनी उघडी स्लीव्ह मिळते. ती घ्यावी आणि ड्रॉबार थेट साधनापर्यंत पोचतो याची खात्री करावी.

ड्रिल चकमध्ये मिलिंगचा कटर धरू नये, हेही याच कारणाने. चक स्वतः एका छोट्या टेपरवर नुसता दाबून बसवलेला असतो. बाजूच्या धक्क्याने तो निघून आला तर फिरता कटर आणि चक दोन्ही टेबलावर येतात. कटरसाठी कोलेट वापरावे. स्वित्झर्लंडच्या रेगो-फिक्स कंपनीने १९७० च्या दशकात आणलेली ई आर कोलेट आता सगळीकडे मिळतात. ई आर २५ चा संच १ ते १६ मिलिमीटरपर्यंतच्या दांड्या धरतो. एकदा आपल्या स्पिंडलला बसणारा एकच धारक घेतला की इंची आणि मेट्रिक दोन्ही दांड्यांचा प्रश्न सुटतो. मधला जोडतुकडा किती कामाचा असतो, याचे हे उत्तम उदाहरण.

५. तीन सूत की दहा मिलिमीटर?

आता या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. ज्या वस्तू मुळीच बसत नाहीत त्या धोकादायक नसतात. त्या आपण बाजूला ठेवतो. धोकादायक असतात त्या 'जवळजवळ बसणाऱ्या' वस्तू.

दोन नंबरच्या मोर्स साधनाला मागून आटे असतात. मेट्रिक साधनात ते एम १० असतात, इंची साधनात बहुधा तीन सूत, म्हणजे ३/८ इंच. तीन सूत बोल्टचा व्यास ९.५२५ मिलिमीटर. तो १० मिलिमीटरच्या आट्यांत सहज शिरतो. आता आट्यांमधले अंतर पाहा. एम १० च्या एका फेरीत बोल्ट १.५ मिलिमीटर पुढे जातो. तीन सुती बोल्टला इंचात १६ आटे असतात, म्हणून एका फेरीत तो २५.४ भागिले १६, म्हणजे १.५८७५ मिलिमीटर पुढे जातो. फरक फक्त ०.०८७५ मिलिमीटर. एका फेरीत तो कळतही नाही. सहा फेऱ्यांत तो ०.५२५ मिलिमीटर होतो, म्हणजे आट्याच्या अंतराच्या एकतृतीयांशाहून जास्त.

हाताला काय जाणवते? बोल्ट शिरला, काही फेऱ्या फिरला आणि घट्ट झाला. आपण समजतो, कसला गेला. प्रत्यक्षात दोन-तीन आट्यांची टोके एकमेकांवर अडकली आहेत, बाकीचे आटे हवेत आहेत. जोर आला की ती टोके सोलून निघतात आणि फिरता कटर खाली उतरतो.

म्हणून ड्रॉबार नेहमी साधनाच्या आट्यांना जुळणारा असावा. तीन सुतीचा वेगळा आणि एम १० चा वेगळा, असे दोन ड्रॉबार करून ठेवावेत आणि त्यांच्या डोक्यांवर वेगवेगळे रंग लावावेत. साधनात नवे आटे पाडण्यापेक्षा हे स्वस्त पडते आणि आपल्या पहिल्या नियमातही बसते. तीन नंबरच्या मेट्रिक साधनाला एम १२ आणि आर ८ ला ७/१६ इंच, म्हणजे साडेतीन सूत, असते. तिथेही हीच काळजी घ्यावी. आटे ओळखण्यासाठी कंगव्यासारख्या पात्यांचा थ्रेड गेज मिळतो. पाते आट्यांवर ठेवून उजेडाकडे धरावे. मधून उजेड दिसला तर माप वेगळे आहे.

६. लांबीचा दंड

जोडतुकडा घालताना एक दंड भरावा लागतो. प्रत्येक जोडतुकड्याने हत्यार थोडे लांब होते, आणि लांब हत्यार वाकते. किती? बाजूने तेवढाच जोर असेल तर एका टोकाला धरलेली दांडी तिच्या लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाकते. लांबी दुप्पट झाली की वाकणे दोन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे आठपट. चाळीस मिलिमीटरची दांडी साठ झाली, म्हणजे लांबी दीडपटच झाली, तरी वाकणे सुमारे ३.४ पट होते. पट्टी टेबलाच्या कडेवर दाबून तिचे टोक खाली ओढून पाहा. पट्टी जेवढी बाहेर, तेवढे तिचे वाकणे भराभर वाढते. म्हणून जोडतुकडा शक्य तितका आखूड असावा आणि जोडतुकड्याला आणखी जोडतुकडा लावू नये.

७. खालचे तोंड: टेबल

टी-स्लॉटमध्ये जो नट सरकतो त्याला टी-नट म्हणतात. बाजारात पकडपट्ट्यांचा जो संच मिळतो त्यावर स्लॉटचे आणि आट्यांचे माप लिहिलेले असते. १० मिलिमीटर स्लॉटसाठी एम ८, १२ साठी एम १० आणि १४ साठी एम १२ असे साधारण कोष्टक आहे. मोठ्या मशीनचा संच लहान टेबलावर आणला की नट खाचेत शिरत नाही आणि स्टड वर दीड वीत उभे राहतात. इथे खाच रुंद करण्याचा विचारही करू नये. स्टड हॅकसॉने कापून आखूड करावेत, टी-नट कानशीने घासावेत किंवा नवे करावेत. माइल्ड स्टीलच्या पट्टीतून टी-नट करणे हे मिलिंग शिकणाऱ्यासाठी उत्तम पहिले काम आहे.

टी-नट करताना एक गोष्ट मात्र विसरू नये. आटे आरपार पाडले तर खालच्या टोकाचे शेवटचे आटे पंच मारून मुद्दाम बिघडवावेत, म्हणजे स्टड तिथेच थांबेल. का? स्टड नटातून खाली निघून खाचेच्या तळाला टेकला, तर पाना फिरवत राहिल्यावर तो जॅकसारखे काम करतो. स्टड तळाला दाबतो, नट खाचेचे ओठ वर ढकलतो. टेबल बीडाचे असते. बीड दाब उत्तम सोसते, पण ताण आणि वाक सोसत नाही. ओठाचा तुकडा कटकन उडतो. पाच मिनिटांच्या कामाने टेबलाचा जन्म वाचतो.

पकडपट्टी बांधण्याचाही नियम आहे. बोल्ट कामाच्या जवळ आणि टेकूपासून दूर असावा. तरफेच्या नियमाप्रमाणे बोल्ट ज्याच्या जवळ, त्याच्यावर जास्त जोर येतो. आपल्याला काम दाबायचे आहे, टेकू नव्हे. पट्टी सपाट असावी, किंवा टेकूकडचे टोक किंचित उंच असावे.

८. एक उदाहरण: व्हाइसखालची पट्टी

आमच्या घरच्या मशीनसाठी १०० मिलिमीटर जबड्याचा एक जुना व्हाइस मिळाला. व्हाइस चांगला होता, पण त्याचे पुढचे-मागचे कान टेबलाच्या खाचांशी जुळत नव्हते. व्हाइसच्या कानांना नवी भोके पाडली तर कान कमजोर होतात. म्हणून मध्ये १५ मिलिमीटर जाडीची अॅल्युमिनियमची पट्टी घातली. तिची पद्धत अशी:

एक, आधी मापे घेऊन कागदावर चित्र काढावे. खाचांमधले अंतर आणि व्हाइसच्या भोकांमधले अंतर एकाच चित्रात, एकाच मध्यरेषेवरून मोजून दाखवावे. दोन वेगवेगळ्या कडांवरून मोजले की चूक शिरते.

दोन, पट्टीला भोकांचे दोन संच असतात. पहिल्या संचातून बोल्ट वरून खाली जाऊन टी-नटांत बसतात. त्यांची डोकी पट्टीच्या पृष्ठाखाली बुडली पाहिजेत, नाही तर व्हाइस सपाट बसणार नाही. एम १० च्या ॲलन बोल्टचे डोके १० मिलिमीटर उंच असते. ते बुडवले तर १५ मधले जेमतेम ५ उरतात. एम ८ चे डोके ८ मिलिमीटर उंच. म्हणून १२ च्या खाचेसाठी मुद्दाम एम ८ आट्यांचे टी-नट केले.

तीन, दुसऱ्या संचाच्या भोकांना आटे पाडले. त्यांत व्हाइसचे बोल्ट बसतात. अॅल्युमिनियम मऊ असते. स्टीलमध्ये बोल्टच्या व्यासाइतकी आट्यांची खोली पुरते, अॅल्युमिनियममध्ये दीडपट ते दुप्पट हवी. एम ८ साठी १५ मिलिमीटर जाडी म्हणजे जवळजवळ दुप्पट.

चार, पट्टीच्या खाली मध्यावर १२ मिलिमीटर रुंदीची एक बारीक पट्टी स्क्रूने बसवली. ती टेबलाच्या मधल्या खाचेत घट्ट सरकते. त्यामुळे पट्टी काढून पुन्हा लावली तरी तिरपी बसत नाही.

पाच, शेवटी तपासणी. डायल गेज स्पिंडलला लावून त्याचे टोक व्हाइसच्या स्थिर जबड्यावर टेकवले आणि टेबल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवले. काटा जबड्याच्या पूर्ण लांबीत ०.०२ मिलिमीटरपेक्षा जास्त हलू नये, एवढे ठेवले. काटा हलला तर व्हाइसचे बोल्ट किंचित सैल करून हलक्या हाताने ठोकावे, कसावे आणि पुन्हा पाहावे.

आपल्याकडच्या आयटीआयमध्ये फिटरला 'जोडारी' म्हणतात आणि टर्नरला 'कातारी'. धातूला आकार देणारा कातारी, आणि तयार भाग एकमेकांशी जुळवणारा जोडारी. वरची पाचही कामे जोडाऱ्याची आहेत. जुळवणे ही वेगळी विद्या आहे, हे या एका शब्दात आले.

९. उंचीचा हिशेब

पट्टी, गोल टेबल, चक असे एकावर एक चढवत गेले की एक दिवस कामासाठी जागाच उरत नाही. म्हणून खरेदीपूर्वी बेरीज करावी. समजा, स्पिंडलच्या टोकापासून टेबलापर्यंत जास्तीत जास्त २८० मिलिमीटर जागा आहे. गोल फिरणारे टेबल ७५, खालची पट्टी १५, ड्रिल चक ९५ आणि ड्रिल ८०. एकूण २६५. कामासाठी उरले १५ मिलिमीटर, म्हणजे काडेपेटीएवढी जागा. आता चकऐवजी ५० मिलिमीटरचे कोलेट आणि ४५ मिलिमीटर बाहेर येणारे आखूड ड्रिल घेतले तर बेरीज १८५ होते आणि ९५ मिलिमीटर मोकळे राहतात. मोठे मशीन न घेता, फक्त साधनाची निवड बदलून कामाची जागा सहापटीहून अधिक वाढली.

१०. यिशुनच्या घरात

आपल्या सदनिकांमध्ये अशा मशीनसाठी काही वेगळ्या गोष्टी पाहाव्या लागतात. इथली वीज २३० व्होल्टची. अमेरिकेसाठी केलेले ११० व्होल्टचे मशीन तसेच जोडू नये. मशीन भक्कम बाकावर बोल्टने बांधून खाली जाड रबर घालावे. थरथर कमी झाली की काम गुळगुळीत होते आणि खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांची झोपही शाबूत राहते. रात्री मशीन चालवू नये.

इथल्या दमट हवेत उघडे बीड आणि स्टील फार लवकर गंजते. गंजलेल्या टेपरची बैठक बिघडते. काम संपले की कीस ब्रशने झाडावा, टेबल आणि टेपर पुसून तेलाचा पातळ हात फिरवावा. धातूचा कीस हाताने उचलू नये. तो पात्यासारखा कापतो. सुटीत भारतात गेल्यावर एखादा जोडतुकडा तिथल्या कातारीकडून करून घ्यायचा असेल, तर साधन आठवणीने सांगू नये. मिलिमीटरमध्ये मापे घातलेले चित्र न्यावे. परतताना तो तुकडा विमानाच्या हातातल्या पिशवीत नव्हे, मोठ्या बॅगेत ठेवावा.

सुरक्षेचे नियम थोडके आहेत, पण त्यांना सवलत नाही. डोळ्यांना गॉगल हवाच. हातमोजे घालू नयेत, कारण फिरता कटर मोज्यासकट हात ओढतो. लांब केस बांधावेत, बाह्या वर कराव्यात. चकची चावी चकमध्ये विसरू नये. नवे साधन पहिल्यांदा बसवले की मशीन बंद ठेवून स्पिंडल हाताने एक पूर्ण फेरी फिरवावा. कुठे अडत नाही ना, ते कळते. पहिला काप अगदी हलका घ्यावा. मुलांनी मोठे माणूस शेजारी असल्याशिवाय मशीनला हात लावू नये.

थोडक्यात सांगायचे तर आधी मोजावे, मग चित्र काढावे, मग काय बदलायचे ते ठरवावे. घर तसेच ठेवून पाहुण्याला जागा करून द्यावी. आणि जी वस्तू 'जवळजवळ' बसते तिच्यावर, मुळीच न बसणाऱ्या वस्तूपेक्षा जास्त संशय घ्यावा.

करून पाहा

१. पाच सूत म्हणजे किती मिलिमीटर?
२. कटर ५० मिलिमीटरऐवजी ७५ मिलिमीटर बाहेर काढला, तर तेवढ्याच जोराने तो किती पट जास्त वाकेल?
३. गोल टेबलाचे हँडल ७२ वेळा फिरवले की टेबल एकदा फिरते. वर्तुळाचे सात सारखे भाग करायचे असतील तर प्रत्येक भागासाठी हँडल किती वेळा फिरवावे? जवळ २१ भोकांची तबकडी आहे.

उत्तरे: (१) १५.८७५ मिलिमीटर. (२) दीडचा घन, म्हणजे ३.३७५ पट. (३) ७२ भागिले ७, म्हणजे १० पूर्ण फेऱ्या आणि दोन-सप्तमांश फेरी. २१ चा दोन-सप्तमांश ६, म्हणून १० फेऱ्या आणि वर ६ भोके.

शब्दार्थ

आटे: स्क्रूवरचे किंवा नटातले गोल फिरत जाणारे उंचवटे.
कानस: धातू घासण्याचे खरखरीत हत्यार.
कीस: कापताना निघणारे धातूचे बारीक तुकडे.
गुण्या: काटकोन तपासण्याचे साधन, 'गुण्यात असणे' म्हणजे काटकोनात असणे.
निमुळते: एका टोकाकडे बारीक होत जाणारे.
बीड: साच्यात ओतून केलेले लोखंड.
सूत: इंचाचा आठवा भाग.